जो हात वर करेल, तो सांगायला जाईल

प्रिय अन्वय आणि ईरा,

रविवारी फोनवर अन्वय जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या कंपनीत माणसं कमी करायची होती. कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही याची शिफारस संगणकाच्या एका प्रणालीने केली, समितीने ती मंजूर केली, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला सकाळी एक ईमेल आला. समितीत अन्वयही होता. "आजी, तसं पाहिलं तर आम्ही काही ठरवलंच नाही," तो म्हणाला, "आम्ही फक्त नाही म्हटलं नाही." यात माझं चुकलं का, असं त्याने विचारलं. आयुष्यभर कॉलेजात वाणिज्य शिकवलेली मी, तर त्याला जेवलास का असं विचारलं. ईराने विषय बदलला म्हणून सुटले.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. मसाल्याचे डबे लावून झाले, ते पुन्हा काढून पुन्हा लावले. वाचायला घेतलेलं पुस्तक त्याच पानावर आहे. शेवटी लक्षात आलं की अन्वयच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ज्यांच्याकडे ते असतं अशा एका माणसाला मी ओळखत होते. ते गेल्या थंडीत वारले. त्यांच्याविषयी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण ते इंग्रजीत मावत नाहीत. अन्वय, कुठे अडलास तर ईराला विचार. तिचं मराठी तुझ्यापेक्षा बरं आहे.

आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. नाव मुद्दाम लिहीत नाही. आपलं नाव कुठल्या पाटीवर आलं की ते जाऊन पुसून यायचे, त्यामुळे मीही तो मान ठेवते. निवृत्त झाल्यावर मी शहाद्याजवळच्या ज्या शेतकरी उत्पादक कंपनीवर तज्ज्ञ संचालक म्हणून गेले, त्या कंपनीचे ते अध्यक्ष. कंपनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येईल. आमची कंपनी म्हणजे एक गोदाम, त्याच्या एका कोपऱ्यात प्लायवुडने आडोसा केलेलं सभागृह आणि सगळीकडे मिरचीचा ठसका. शेतकरीच मालक, शेतकरीच संचालक. सपाटीच्या गावांतून मिरची यायची आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरून आमचूर, म्हणजे कैऱ्या सोलून, कापून, उन्हात वाळवलेले काप.

आप्पांची शेती कळसाडीला, पण नोकरी सरकारी लाल बसवर कंडक्टरची. सगळी नोकरी उभ्याने झालेली, त्यामुळे खुर्चीशी त्यांचं जमत नसे. सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी आणि आप्पा खिडकीपाशी, पाय फाकवून, एक हात वरच्या गजाला. गोदाम आत्ता वळण घेईल आणि आपण पडू, अशा तयारीत. चर्चा तापली की ते टेबलाभोवती फिरायला लागत. त्यांच्याशी बोलायचं तर मान फिरवत बोलावं लागे. माझी मान पहिल्या वर्षी फार दुखली.

पहिल्याच सभेत मी कंपनीचा कारभार कसा असावा यावर एक टिपण नेलं होतं. नीट मुद्दे पाडून, वाचून दाखवलं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "ताई, हाई तुमनं मत शे का पुस्तकनं?"

दोघांचंही, मी म्हणाले.

"मंग आगोदर तुमनं सांगा."

मला राग आला. घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं तर ते हसत सुटले.

सिस्टीम आली ती माझ्या दुसऱ्या वर्षी. शहरातली एक मोठी मसाला कंपनी आमचा बहुतेक माल घ्यायची, तिनेच ती दिली. मिरचीचा फोटो काढला की ती प्रत सांगायची, भाव पुढे चढेल की पडेल ते सांगायची, आणि माल देणाऱ्या प्रत्येकाला गुण द्यायची. आमचा मॅनेजर निखिल, पुण्याला शिकून परत आलेला हुशार मुलगा, ती चालवायचा. आम्हाला वाटलं, आप्पा आता वैतागणार. पण ते दुपारच्या दुपार निखिलच्या मागे उभे राहून तिला प्रश्न विचारत. चहा आला की निखिलला विचारत, तुझा ड्रायव्हर काय घेईल? ड्रायव्हर हे त्यांनीच ठेवलेलं नाव. म्हणत, "गाडी तो चालावस, पन बेल मी देस." गाडी चालवणारा तो असला तरी घंटी वाजवणारा मी आहे, हा त्यांचा सगळा कारभार.

ते काही यंत्राचे शत्रू नव्हते, हे नीट समजून घ्या. उलट एकदा त्यांनी यंत्राचं ऐकलं नाही आणि सगळ्यांनी भोगलं. ओली लाल मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानाला इथे पथारी म्हणतात. पथारी लालभडक भरली होती. सिस्टीम म्हणाली, आत्ताच विका. आप्पा म्हणाले, थांबा, दिवाळीनंतर भाव चढतो. आम्ही आप्पांचं ऐकलं. मग अवकाळी पाऊस आला आणि पथारी काळी पडली. वार्षिक सभेत लोक चिडलेले होते, पण कोणाला धरायचं ते त्यांना कळत नव्हतं. आप्पा पुढे येऊन म्हणाले की थांबा म्हणणारा मीच, हे माझ्यामुळे झालं. एवढंच. सफाई दिली नाही. त्यानंतर ते ड्रायव्हरला फार मान द्यायला लागले, जरा जास्तच, असं मला वाटायचं.

मात्र त्याचं मत ते सभेत सगळ्यांत शेवटी वाचायला लावत. निखिलला हे उलटं वाटे. आधी आकडे बघावेत, मग बोलावं. आप्पांनी त्याला समजावलं की आमच्या भावकीच्या बैठकीत सगळ्यांत थोर माणूस शेवटी बोलतो. तो आधी बोलला तर बाकीचे तोंड उघडत नाहीत आणि जे ठाऊक असतं ते पोटात घेऊन घरी जातात. निखिल म्हणाला, म्हणजे तुम्ही सिस्टीमला थोरला मानता? आप्पा म्हणाले, मानतो, म्हणून तर शेवटी बसवतो.

आता त्यांचा एक नियम. आमच्या कंपनीच्या नियमावलीत तो आहे, मी स्वतः त्याची भाषा नीट करून दिली. कोणाचंही नुकसान होईल असा ठराव झाला तर ज्यांनी हात वर केला त्यांनी स्वतः त्या माणसाच्या दारात जाऊन सांगायचं. आप्पा तो एका वाक्यात सांगत: "जो हात वर करी, तोच सांगाले जाई."

याचं मूळ मला त्यांनी एकदा गाडीत सांगितलं. डोंगरातल्या एका वस्तीची फेरी बंद करण्याचा कागद आला. शेवटच्या फेरीला कंडक्टर आप्पाच होते. कागद बरोबर होता, गाडी रिकामीच जायची. पण लोकांना सांगायचं कोणी, ते त्या कागदात नव्हतं. आप्पांना वाटलं वरून कोणी सांगेल, वरच्यांना वाटलं खालून. पुढे कितीतरी दिवस लोक बोचकी घेऊन रस्त्यावर उभे राहत, हे त्यांना नंतर बाजारात कळलं. "मायले, एक म्हतारी तर रोज ये," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला नाही. आमचे एक संचालक भटूभाऊ, कळसाडीचेच, गोलमटोल आणि भिडस्त. त्यांच्या मेहुण्याने मिरचीवर पाणी मारून वजन वाढवलं होतं. माल नाकारायचा ठराव झाला. भटूभाऊंनी तावातावाने हात वर केला आणि मग सांगायला जायची पाळी त्यांच्यावर आली. गेले. मेहुण्याकडे वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी झाली होती. जेवले, सुपारी खाल्ली आणि न सांगताच परत आले. दुसऱ्या सकाळी मेहुणा ट्रॅक्टर घेऊन गोदामाच्या दारात उभा. आप्पांनी विचारलं तेव्हा भटूभाऊ म्हणाले, "त्यानं घर जेवनू आप्पा, मंग कसं सांगू?"

त्या दिवशी नियमाला शेपूट जोडलं गेलं. पाणी पिण्याच्या आधी सांगायचं. एकदा त्या घरचं पाणी प्यालात की वाईट बोलण्याची जीभ राहत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

होळी नुकतीच झाली होती. कैऱ्या धरायच्या आधीची सभा. पडद्यावर मसाला कंपनीचे साहेब होते, बोलायला फार सभ्य. निखिलने सिस्टीमचा अहवाल आणला होता. काठी गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं एक आमचूर केंद्र होतं. तिथला जवळजवळ सगळा माल रुमालीबाई नावाच्या एका बाईच्या नावावर येई. अहवाल म्हणत होता की इतका आमचूर एका घराचा असू शकत नाही. काप कधी जाड, कधी पातळ, रंग कधी पिवळट, कधी काळपट. ही बाई शेतकरी नसून दलाल असावी. आमच्या कंपनीत दलालाला मज्जाव. तेव्हा तिचं सभासदत्व रद्द करावं, आणि तिच्याशिवाय केंद्रावर माल उरत नाही म्हणून केंद्रही बंद करावं.

आप्पांनी नेहमीप्रमाणे एकेकाला विचारलं. भटूभाऊ म्हणाले, दलाल असाच घुसतो, आधी बाईच्या नावाने आणि मग भाच्याच्या. मी म्हणाले, नियम स्पष्ट आहे. निखिलने शेवटी सिस्टीमचं मत वाचलं. हात वर झाले. भटूभाऊंचा, माझा, इतरांचेही, आणि आप्पांचा. हो, आप्पांचाही. काळी पडलेली पथारी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती.

ठराव झाल्यावर साहेब म्हणाले, इतक्या लांब जायची गरज नाही. सिस्टीमने निरोप तयार केला आहे, बाईंच्या बोलीत. त्यांनी तो ऐकवला. भिलीतून एका बाईचा गोड, समजूतदार आवाज. आमच्यातल्या ज्यांना भिली येते ते म्हणाले, एकही शब्द चुकलेला नाही.

आप्पा गज सोडून पडद्याजवळ आले. म्हणाले, आवाज माझ्यापेक्षा बरा आहे. मग म्हणाले, "हाई सांगी दी. पन ती काय म्हनस, ते कोन आयकी?"

हे सांगून टाकेल, पण ती जे म्हणेल ते ऐकेल कोण? साहेबांनी सांगितलं की तीही सोय आहे, उत्तर द्यायचं असेल तर एक दाबायचं. आप्पांनी विचारलं, रेंज कुठे आहे तिथे? साहेब हसले. सभा संपली आणि जाणं आलं.

इतर संचालक दुसऱ्या खेपेला जाणार होते. त्यांची ती खेप झालीच नाही, पण ते पुढे येईल. आप्पा, भटूभाऊ आणि मी असे आम्ही तिघं गेलो, गाडी निखिलने चालवली. तळोदा, अक्कलकुवा, मग मोलगीचा घाट. आप्पा पुढच्या सीटवर अस्वस्थ. गाडी थांबली की उतरून मागे बघत, सगळे चढले का म्हणून. पळसाची फुलं रस्त्यावर गळून पडली होती. वाटेत भेटलेल्या काही तरुणांच्या अंगावर होळीच्या नाचाची राखेची नक्षी अजून पुसट दिसत होती.

निखिल खाली गाडीपाशी थांबला. रुमालीबाईचं घर डोंगराच्या माथ्यावर. बांबूच्या भिंती, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. बाई माझ्याच वयाची असेल, ताठ. आम्हाला बघून खाट टाकली आणि तांब्या घेऊन आली. आप्पांनी हात जोडले, पाणी घेतलं नाही. भटूभाऊंना तहान लागली होती, पण तेही थांबले. बाईने आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

"पानी नाय घेत," ती म्हणाली, "तर वाईट आनलं."

आप्पांनी उभ्यानेच सांगितलं. तुझं नाव काढलं, केंद्र बंद केलं, तू दलाल आहेस असं आम्ही ठरवलं. शब्द मऊ केले नाहीत. मोहाच्या फुलांवर एक कोंबडी आली, तिला बाईने हाकललं. मग विचारलं, "कोन बोलला असं?"

भटूभाऊ चटकन म्हणाले, बाई, ते कॉम्प्युटरनं... आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कॉम्प्युटर उना शे का अठे? आपन उनूत." इथे कॉम्प्युटर आलेला नाही, आपण आलो आहोत. मग बाईकडे वळून म्हणाले, आम्ही बोललो.

बाई कडेला गेली आणि दरीकडे तोंड करून तिने हाळी दिली. लांबवर दुसरी हाळी उठली, मग तिसरी. थोड्या वेळाने उतारांवरून बायका यायला लागल्या. एकेक टेकडी, एकेक घर, सगळं मिळून पाडा. रुमालीबाईने त्यांना काहीतरी सांगितलं आणि काही जणी परत गेल्या. आल्या त्या मुठीत आमचूर घेऊन, घरच्या आमटीसाठी ठेवलेला गेल्या सालचा. कोणाचे काप जाड, कोणाचे पातळ. विळ्याने कापलेले काळपट, चाकूने कापलेले पिवळट. त्यांनी ते एका सुपात घातले, आणि अहवालात लिहिलेला तो सगळा माल आमच्यापुढे होता.

गोष्ट अशी होती. माथ्यावर फक्त रुमालीबाईच्या अंगणात फोनला रेंज लागे, हे आप्पांनाही ठाऊक नव्हतं. बँकेचं खातंही तिचंच, कारण सगळ्या कागदांवर नाव सारखं असलेली ती एकटीच. बाकीच्यांच्या एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर भलतंच. केंद्रावरच्या माणसाने सोपी वाट काढली. सगळा पाडा एका नावावर घाला. पैसे आले की ती वाटून देई. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि ते कोणाला लबाडी वाटलं नव्हतं. सिस्टीमचं एकही निरीक्षण चुकलं नव्हतं. तो माल एका घराचा नव्हताच.

मला वाटलं, आता बाई म्हणेल की माझं नाव परत घाला. ती म्हणाली, "नाव काढाच माझं. पैशे उशिरा आले की सगळ्या माझ्या दारात. मी काय सरकार? यांची नावं घाला, मंग काढा."

आप्पा अंगणात फेऱ्या घालायला लागले. कोंबड्या बाजूला झाल्या. भटूभाऊ हळूच म्हणाले की नियम तो नियम, कागद नाहीत तर सभासद कसं करणार, आणि ठराव तर झाला आहे. त्यात खोटं काही नव्हतं. आप्पा थांबले, आणि बायकांकडे हात करून म्हणाले, "त्यासले सांग ना मंग, भटू."

भटूभाऊंनी बायकांकडे पाहिलं. त्या सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी एकदा घसा खाकरला, खाटेवर बसले आणि रुमालीबाईकडे पाणी मागितलं.

मग मीही प्याले. आप्पा सगळ्यांत शेवटी.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला केव्हाच सांगितली असती. परत येऊन आम्ही ठराव मागे घेतला. बायकांचे कागद जुळवण्यात निखिलचा अख्खा उन्हाळा गेला. पण साहेबांच्या कंपनीचा आग्रह होता की सिस्टीमने लाल खूण केलेल्या केंद्राचा माल घ्यायचा नाही. आप्पांनी त्यांना पडद्यावर विचारलं की हे तुम्ही ठरवलं का? साहेब प्रामाणिक होते. म्हणाले, माझा निर्णय नाही, आमचं धोरण आहे.

"मंग कोनना शे?"

साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. आप्पा म्हणाले, ज्याचा असेल त्याला आमच्याबरोबर डोंगरावर पाठवा, भाकरी आम्ही देऊ. कोणी आलं नाही. आमचूर गोदामात पडून राहिला. पावसाळ्यात तो ओल धरायला लागला आणि सभेत बसलं की नाकात आंबट वास यायचा. थोडा खापर गावाच्या बाजारात पडेल त्या भावाने गेला. पाड्यावरच्या बायका सरळ विचारत, आमची नावं घालून काय केलंत? मग साहेबांकडून कानावर आलं की अध्यक्ष बदलले तर बोलणी नव्याने करता येतील. मिरचीवाले सभासद कुजबुजायला लागले.

एका दुपारी आप्पा माझ्याकडे आले. बसले नाहीत, झोपाळ्याची कडी धरून उभे राहिले. मी झोपाळ्यावर होते, त्यामुळे झोका घेता येईना. त्यांनी मला सांगितलं की पुढच्या सभेत माझ्या विरोधात हात वर करा. मी वाद घातला. तुमचं बरोबर आहे, मग तुम्ही का जायचं? ते म्हणाले, "मी उतरस, ताई. गाडी निघाले पाहिजे."

सभेत ते आले नाहीत. आम्ही हात वर केले. आणि मग एकमेकांकडे बघत राहिलो, कारण आता नियमाप्रमाणे सांगायला जायचं होतं.

कळसाडीला त्यांच्या ओट्यावर आम्ही सगळे उभे. त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनीच घडवलं होतं, तरी चेहरा कोरा. त्यांची बायको पाणी घेऊन आली तर तिला हातानेच थांबवलं. भटूभाऊंना अध्यक्ष केलं होतं, म्हणून बोलायचं त्यांनी.

"आप्पा, तुमले काढं."

"कोनी?"

"आम्ही. मी बी."

"काबर?"

भटूभाऊंना वाटलं होतं की का काढलं ते सांगायच्या आधीच सुटू. त्यांनी मसाला कंपनीचं नाव घेतलं, आप्पांनी मान हलवली, ते नाही. धोरण म्हणाले, तेही नाही. मग भटूभाऊ ओट्यावर बोट फिरवत, थांबत थांबत बोलले. गोदामात माल सडतो आहे. मला भीती वाटते. तुमच्यासारखं ताठ राहणं मला जमत नाही, आणि माझ्या मिरचीचं काय होईल या काळजीने मला झोप येत नाही. हे सांगताना त्यांचे डोळे भरले. आप्पा शेवटपर्यंत हलले नाहीत. इतका वेळ एका जागी स्थिर उभे राहिलेले मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

मग म्हणाले, आता माझं ऐकायचं आहे ना? तेवढ्यासाठीच आलात. नियम काढायचा असेल तर खुशाल काढा, तो काही वेद नाही. पण त्याला एक ओळ जोडा. तो काढण्यासाठी जो हात वर करेल, त्याने पाड्यावर जाऊन रुमालीबाईला तसं सांगायचं. पाणी पिण्याआधी.

भटूभाऊ हसले, मग आम्ही सगळेच. चहा झाला. ती ओळ मी त्याच आठवड्यात नियमावलीत घातली.

त्यानंतर बोलणी झाली आणि आमचूर घ्यायला सुरुवात झाली. आता प्रत्येक बाईला सिस्टीम वेगळे गुण देते. काहींना कमी देते, त्यावरून भांडणं होतात, आणि ती ऐकायला कोणीतरी वर जातं. आप्पा कंपनीत परत आले नाहीत. रस्त्यात भेटले तर मिरची कशी आहे ते विचारत.

अन्वय, हा नियम चांगलाच आहे असं मी तुला छातीठोकपणे सांगू शकत नाही. जाण्यायेण्यात दिवस जातो. मागच्या हंगामात नकार सांगायला एक शेतकरी घरी सापडेना, तो सापडेपर्यंत भाव पडला. निखिल दर वर्षी नियम काढण्याचा प्रस्ताव आणतो आणि त्याची कारणं खरी असतात. सिस्टीमही दर वर्षी तेच सुचवते. तुझ्या शेजारच्या टेबलावरची ती मुलगी दुसऱ्या गावात राहते की काय, तिच्या दाराशी जाऊन तू काय बोलायचं, ती तुला आत घेईल का, यातलं मला काही ठाऊक नाही. तू तिला भेटावंस असंही मी म्हणत नाही. तिला काय म्हणायचं असेल, एवढाच प्रश्न मला रविवारपासून सारखा पडतो आहे.

यंदाचा प्रस्ताव याच महिन्यात आला. भटूभाऊंनी तो वाचला, मग ती शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, कोण कोण बाजूने? पंखा फिरत होता. सगळ्यांचे हात टेबलावर होते.

पाड्यावरचं केंद्र याही उन्हाळ्यात उघडलं. बायकांची नावं आपापली आहेत. नियम नियमावलीत आहे. तो संपला असं सांगायला अजून कोणी वर गेलेलं नाही.

तुमची,
आजी